अॅड्रिनलमध्ये गाठ निघाली, पण डॉक्टर सुई नको म्हणतात. असं का?

हुरडा_पार्टी
नमस्कार मंडळी. एरवी मी खाण्याच्या धाग्यांवर असते, आज वेगळं विचारायचंय.
आई, वय ६१, सोलापुरातच असते. बीपी आणि शुगर दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. पोटात उजवीकडे दुखायचं म्हणून सोनोग्राफी झाली, मग सीटी. दुखणं पित्ताशयातल्या खड्यांचं निघालं. पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ होती: डाव्या अॅड्रिनल ग्रंथीत (किडनीच्या डोक्यावर बसलेली हार्मोन बनवणारी ग्रंथी) ४.३ बाय ३.६ सेंमीची गाठ, पुढील तपासणी करावी. ती ओळ वाचून घरात कुणाला खड्यांची आठवणच राहिली नाही.
सर्जननी एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे पाठवलं (आमच्या गल्लीत त्यांना ‘शुगरचे डॉक्टर’ म्हणतात). ते म्हणाले, आधी इंजेक्शन न देता साधा सीटी करा, रक्ताच्या काही तपासण्या करा आणि चोवीस तासांची लघवी गोळा करा. सुई घालून तुकडा काढायचा का, असं विचारलं तर स्पष्ट ‘नको’ म्हणाले. मामांचं म्हणणं, "डॉक्टर टाळायलेत. तुकडा तपासा, कॅन्सर हाय का नाही ते कळंल, मोकळं व्हा." बाबा म्हणतात, आत्ताच तर सीटी झाला, परत कशाला?
मला दोघांचंही थोडं थोडं पटतंय. कुणाला अनुभव आहे का? आणि तुकडा न काढता कॅन्सर आहे की नाही हे कळतं तरी कसं?

शेंगा_चटणी
काळजी घ्या ताई. वाचतेय. अनुभव नाही.

पुण्यात_अडकलेला
मामांशी सहमत. कॅन्सरचं निदान बायोप्सीशिवाय होत नाही, हे आता शाळकरी पोरालाही माहीत आहे. सुई लावली की कॅन्सर पसरतो या समजुतीपायी आमच्या काकूंनी छातीतल्या गाठीचा तुकडा काढू दिला नाही, आणि पुढे व्हायचं ते झालं. तुमचे डॉक्टरही तसलेच असतील तर दुसरे बघा. पुण्याला या.

पार्क_चौकातला
आलं पुणं. अजून पाचवा प्रतिसादसुद्धा झाला नाही.

काचपट्टी
पुण्यात_अडकलेला, काकूंबद्दल वाईट वाटलं, आणि छातीच्या गाठीबाबत तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. तिथे सुईची भीती बाळगून लोक स्वतःचं नुकसान करून घेतात. पण तो नियम उचलून अॅड्रिनलला लावता येत नाही. मी दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणाऱ्यांपैकी आहे म्हणून सांगतो.
अॅड्रिनलच्या बाहेरच्या थरातली साधी गाठ आणि त्याच थरातला कॅन्सर यांच्या पेशी छोट्याशा तुकड्यात इतक्या सारख्या दिसू शकतात की प्रामाणिक पॅथॉलॉजिस्ट ‘सांगता येत नाही’ असंच लिहील. कॅन्सर ठरवायला आम्ही वाइस स्कोअर वापरतो. त्यात नऊ गोष्टी बघायच्या: पेशी किती वेगाने विभागतायत, गाठीत मेलेला भाग आहे का, शिरांमध्ये घुसलीय का, आवरण फोडून बाहेर पडलीय का वगैरे. तीन किंवा जास्त सापडल्या तर कॅन्सर. आता आवरण फोडलंय का हे सुईच्या टोकावर आलेल्या दोन मिलिमीटरच्या तुकड्यात कसं बघणार? त्यासाठी अख्खी गाठ टेबलावर यावी लागते. शिवाय गाठ खरंच कॅन्सरची असेल आणि एका आवरणात बंद असेल, तर ते आवरण सुईने फोडायचं कशाला?
म्हणजे तुकडा तपासतातच, पण ऑपरेशननंतर.

भूलथाप
काचपट्टींनी अर्धं सांगितलं, उरलेलं माझ्या खात्यातलं. (भूल देतो, थापा मारत नाही. आयडी जुना आहे.)
ग्रंथीच्या आतल्या भागातून एक गाठ होते, फिओक्रोमोसायटोमा. ती अॅड्रिनलिनच्या जातीची रसायनं ओतते. तिला नुसता धक्का लागला तरी बीपी क्षणात अडीचशेच्या वर जाऊ शकतं. ही गाठ आहे हे ठाऊक नसताना सुई घातली तर पेशंट टेबलावरच दगावू शकतो. म्हणून अॅड्रिनलची कुठलीही शंकास्पद गाठ असो, सुई किंवा सुरी लावण्याआधी मेटानेफ्रिन (त्याच रसायनांपासून उरणारा अंश) बघायचं, रक्तात किंवा चोवीस तासांच्या लघवीत. ते वाढलेलं निघालं तर आधी आठवडा-दोन आठवडे अल्फा ब्लॉकर (शिरा सैल करून बीपी उतरवणाऱ्या) गोळ्या द्यायच्या, भरपूर पाणी-मीठ द्यायचं, मग ऑपरेशन. धडधड होतेय म्हणून कुणी आधी बीटा ब्लॉकर दिला तर ती घोडचूक. रक्तातलं मेटानेफ्रिन करणार असाल तर आईंना अर्धा तास शांत पडून राहू द्या आणि मग रक्त घ्या. आणि आईंना नैराश्याच्या किंवा झोपेच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. त्यातल्या काहींनी हा आकडा खोटा वाढतो.
दरदरून घाम, डोकेदुखी आणि धडधड हे तिन्ही एकदम झटक्याने येतात का, हे आईंना विचारा. नसलं तरी तपासणी चुकवू नका. काही जणांना काहीच होत नाही.

हुरडा_पार्टी
घाम? मे महिन्यात सोलापुरात घाम येत नाही असं माणूस दाखवा. पण विचारते. मनापासून धन्यवाद दोघांनाही. म्हणजे आमचे डॉक्टर टाळत नव्हते तर.

अक्कलकोट_नाका
लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. आमच्या वहिनीला हाच कॅन्सर झाला, बाहेरच्या थरातला. वय ४४.
सुरुवात वजनापासून. चेहरा गोल गरगरीत, हातपाय मात्र काडीसारखे. हनुवटीवर दाट केस, आवाज घोगरा, पाळी बंद, पोटावर जांभळे पट्टे. बीपी कधीच नव्हतं, ते एकदम १८०. हे सगळं काही महिन्यांत झालं, वर्षांत नाही. सुरुवातीला कुणी पीसीओडी म्हणालं, कुणी थायरॉइड, कुणी ‘वय झालं, मेनोपॉज’. एका दवाखान्यात तर वजन कमी करायचा डाएट चार्ट देऊन घरी पाठवलं. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पोट हाताने तपासलं आणि तसंच सोनोग्राफीला धाडलं. गाठ ११ सेंमीची.
मग मुंबई. रक्तात कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड) जास्त, डीएचईएएस (पुरुषी हार्मोनच्या जातीचं) तर रिपोर्टवर लाल अक्षरांत. छातीचाही सीटी केला, फुप्फुसात काही गेलंय का बघायला. सुई त्यांनीही घातली नाही. दुर्बिणीने न करता पोट उघडून ऑपरेशन केलं. गाठ फुटता कामा नये म्हणून तसंच करतात असं सांगितलं. रिपोर्टात वाइस स्कोअर सहा होता. काचपट्टी, तुम्ही लिहिलेला तो आकडा वाचून अंगावर काटा आला, त्या वेळी कुणी समजावूनच सांगितला नव्हता. आता मायटोटेन नावाच्या, अॅड्रिनलच्या पेशी मारणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्या जोडीला स्टिरॉइडच्या. मळमळ फार होते. तीन-तीन महिन्यांनी सीटी. वहिनी पुन्हा भाकरी थापते, एवढंच सांगते.
हुरडा_पार्टी, घाबरवायला लिहिलं नाही. आईला असं झपाट्याने काही बदललंय का, ते बघा.

हुरडा_पार्टी
अक्कलकोट_नाका, वहिनींना खूप शुभेच्छा. आईचा चेहरा आहे तसाच आहे, केस वगैरे काही नाही. वजन मात्र गेल्या काही वर्षांत हळूहळू वाढलंय आणि शुगर ऐकत नाही.

काळीपांढरी_फिल्म
उशिरा आलो, नाइट ड्युटी होती. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलेलं नाही: परत सीटी कशाला?
सीटीत प्रत्येक टिपक्याला घनतेचा आकडा असतो, हाउन्सफील्ड युनिट, म्हणजे एचयू. (गॉडफ्री हाउन्सफील्ड यांना सीटी स्कॅनसाठी १९७९ चं नोबेल मिळालं.) पाणी शून्य, चरबी उणे शंभरच्या आसपास. अॅड्रिनलचा बाहेरचा थर कोलेस्टेरॉलपासून हार्मोन बनवतो. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी गाठींच्या पेशी त्या चरबीने भरलेल्या असतात, म्हणून साध्या सीटीत त्यांचा आकडा खाली येतो. आतून सगळीकडे एकसारखी दिसणारी गाठ आणि एचयू १० किंवा कमी असेल तर ती कॅन्सर नाही, असं आम्ही छातीठोकपणे सांगतो. मग गाठ चार सेंमीच्या वर असली तरी. आकडा २० च्या वर, आत काळेपांढरे डाग, कडा वेड्यावाकड्या आणि माप चार सेंमीच्या पुढे असेल तर मात्र ती काढण्याकडे कल असतो. मधलं सगळं चर्चेचं. तिथे शिरेतून औषध देऊन पंधरा मिनिटांनी ते किती धुऊन गेलं ते बघतात, एमआरआय करतात, पेट सीटी करतात, किंवा सहा-बारा महिन्यांनी वाढतेय का ते बघतात.
पोटदुखीसाठीचा सीटी बहुतेक वेळा शिरेतून औषध देऊनच करतात. त्या औषधाने गाठ उजळते आणि हा आकडा निरर्थक होतो. आईंचा तसाच झाला असणार. म्हणून साधा सीटी. औषध नाही, क्रिएटिनिनची (किडनीच्या रक्ततपासणीची) भानगड नाही, पाच मिनिटांचं काम. जुन्या सीडीत औषधाआधीच्या प्रतिमा आहेत का तेही विचारा, असतील तर हेलपाटाच वाचेल.
आणि एक. पोटाच्या सीटीत अॅड्रिनलची गाठ ‘सापडणं’ ही रोजची गोष्ट आहे. शंभरात चार-पाच जणांत दिसते, साठीनंतर त्याहून जास्त. खरा अॅड्रिनल कॅन्सर दहा लाखांत वर्षाला एक-दोघांना. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्हा ४३ लाखांचा होता. करा हिशोब.

पार्क_चौकातला
चार ते नऊ. अख्ख्या जिल्ह्यात, पंढरपूर-बार्शी धरून. डॉक्टरसाहेब, हे आधी सांगायचं की ओ. दुपारपासून माझीच किडनी दुखायलीय.

काढा_किंग
एवढ्या तपासण्यांत पैसा घालवण्यापेक्षा ज्येष्ठमधाचा काढा सकाळ-संध्याकाळ घ्या. ग्रंथी शांत होतात. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घेतात.

भूलथाप
काढा_किंग, सगळ्या काढ्यांतून नेमका हाच कसा निवडलात? ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. अॅड्रिनलच्या अल्डोस्टेरॉन (मीठ आणि बीपी सांभाळणारा हार्मोन) बनवणाऱ्या गाठीत हेच होतं. म्हणजे बीपीच्या पेशंटचं अल्डोस्टेरॉन आणि त्याला हुकूम देणारं रेनिन बघायचं आणि त्याच आठवड्यात हा काढा पाजायचा, मग रिपोर्टचा अर्थ लावायला आम्हाला सिद्धरामेश्वरांनाच साकडं घालावं लागेल. हुरडा_पार्टी, आई असलं काही घेत असतील तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा.

शेंगा_चटणी
काढा हलकेच गॅसवरून उतरवण्यात आला आहे.

मागवाला
बायोप्सी करूच नये असं सगळे म्हणायलेत म्हणून माझं ऐका. आमच्या वडिलांची सुईनंच केली आणि तिनंच वाचले.
वडील यंत्रमागावर. वजन उतरत गेलं, उभं राहिलं की चक्कर, बीपी ९० च्या वर जाईना. तोंड काळवंडलं, हिरड्या काळ्या, तळहातावरच्या रेघा काळ्या. जेवणात वरनं मीठ मागायचे, नुसतं चाटायचे. सीटीत दोन्ही बाजूच्या अॅड्रिनल सुजलेल्या. पहिल्या रिपोर्टात लिहिलं, दुसरीकडचा कॅन्सर इथं पसरलेला असू शकतो. घरात रडारड. बहिणीनं लग्न पुढं ढकललं.
मोठ्या डॉक्टरांनी आधी मेटानेफ्रिन केलं (भूलथाप म्हणतात तेच), ते नॉर्मल आल्यावर सुई. निघाला टीबी. टीबीची औषधं झाली. ग्रंथी मात्र कामातनं गेल्या, आता जन्मभर हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या. ताप आला की डोस दुप्पट. खिशात चिठ्ठी असती, ‘मला स्टिरॉइड बंद करू नका’ म्हणून.

काचपट्टी
मागवाला, अगदी योग्य उदाहरण, आणि माझ्या प्रतिसादाला जोडायलाच हवं असं. दोन्ही बाजूंच्या गाठी असतील आणि टीबी, बुरशीचा संसर्ग, लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) किंवा दुसरीकडून पसरलेला कॅन्सर अशी शंका असेल, तर सुईचा खरा उपयोग आहे, कारण त्या पेशी अॅड्रिनलच्या नसतात, लगेच ओळखू येतात. १८५५ मध्ये थॉमस अॅडिसननी या ग्रंथी निकामी झालेले पेशंट वर्णन केले त्यांतल्या बऱ्याच जणांना टीबीच होता. आपल्याकडे तो अजून मुक्कामाला आहे.

पुण्यात_अडकलेला
म्हणजे मी अगदीच चुकीचा नव्हतो.

पार्क_चौकातला
पुणेकर कधी चुकतो का बे. फक्त बाजू चुकते. दोन्हीकडं गाठ पाहिजे होती.

शेंगा_चटणी
एक बावळट प्रश्न. आमच्या शेजारच्या आजींचा चेहरा अक्कलकोट_नाका म्हणतात तसा चंद्रासारखा झालाय. त्या गुडघ्यासाठी एका गावाहून पुड्या आणतात. काही संबंध?

काळीपांढरी_फिल्म
बावळट अजिबात नाही. आपल्या भागात असा चेहरा दिसला की पहिली शंका पुडीची, गाठीची नंतर. बिननावाच्या ‘लगेच गुण येतो’ पुड्यांमध्ये स्टिरॉइड कालवलेलं असतं. गोरं करणाऱ्या मलमांतही असतं. अशा पेशंटच्या स्वतःच्या ग्रंथी झोपी गेलेल्या असतात, रक्तातलं कॉर्टिसॉल उलट कमी येतं. पण आजींना पुडी एकदम बंद करायला सांगू नका, त्याने जीवावर बेतू शकतं. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे न्या.

सिद्धेश्वर_स्लीपर
थोडं अवांतर, पण उपयोगी. निदान पक्कं झालेल्या कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सवलत असते, सोबतच्या एकाला ७५ टक्के. फॉर्मवर हॉस्पिटलचा सही-शिक्का लागतो. रात्री सिद्धेश्वरला बसायचं, सकाळी मुंबई. टाटाच्या रांगेत निम्मे चेहरे ओळखीचे भेटतात. पण प्रत्येक गोष्टीला मुंबई गाठायची गरज नाही. आपल्या बार्शीत नर्गिस दत्त हॉस्पिटल आहे, आणि देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली.

अक्कलकोट_नाका
हे खरं, पण अॅड्रिनलचं ऑपरेशन जिथे वरचेवर होतं तिथेच करा, मग ते शहर कुठलं का असेना. आम्हाला प्रत्येकाने हेच सांगितलं.

हुरडा_पार्टी
अपडेट. आधी हसून घ्या. बाबांनी सीटी पुढे ढकलला, म्हणून लघवीचा कॅन आधी. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या पहिलीपर्यंत सगळी कॅनमध्ये. लॅबने पाच लिटरचा कॅन दिला, तळाला अॅसिड, वर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी. आमच्याकडे पाणी चार दिवसाआड येतं, त्यामुळे बाथरूमभर बादल्या आणि पिंपं. त्यातच हा कॅन. नेमकं पाणी त्याच दिवशी आलं आणि कामाच्या मावशींनी ‘शिळं पाणी’ म्हणून सगळ्या भांड्यांबरोबर तोही ओतून धुऊन ठेवला! आईने पुन्हा पहिल्यापासून केलं, या वेळी कॅनला पहारा मामांचा.

पार्क_चौकातला
मामांना शेवटी काहीतरी तपासायला मिळालं.

धागापाल
कॅनवरचे पुढचे सात प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. विषयावर या.

हुरडा_पार्टी
रिपोर्ट आले. मेटानेफ्रिन नॉर्मल. अल्डोस्टेरॉन-रेनिन ठीक. डेक्साची तपासणीही झाली (बाहेरून स्टिरॉइड दिल्यावर शरीराचं कॉर्टिसॉल दबतं का ते बघतात), रात्री अकराला ०.५ च्या दोन गोळ्या आणि सकाळी आठला रक्त. कॉर्टिसॉल ३.१ आलं, १.८ च्या वर नको होतं म्हणे. आणि साधा सीटी काल झाला: गाठ एकसारखी, ७ एचयू.

काळीपांढरी_फिल्म
सात! मग कॅन्सरचा विषय इथे संपला. तिच्यासाठी पुन्हा पुन्हा सीटी करायचीही गरज नाही. आणि हळूच सांगतो, दहाच्या आत आकडा असेल तर फिओक्रोमोसायटोमाही जवळपास बादच होतो. साधा सीटी आधी झाला असता तर कॅनची गरज पडली नसती.

हुरडा_पार्टी
हे बाबांना मी सांगणार नाही, मामाच सांगतील. पण मग ३.१ चं काय?

भूलथाप
गाठ थोडं कॉर्टिसॉल स्वतःच्या मर्जीने बनवतेय. वहिनींसारखं नाही, सौम्य. पण तेवढ्यानेही वर्षानुवर्षं बीपी, शुगर, वजन आणि हाडं बिघडतात. आईंची शुगर ऐकत नाही म्हणालात ना? आता डॉक्टर एसीटीएच (अॅड्रिनलला कॉर्टिसॉल बनवायला सांगणारा हार्मोन) बघतील, हाडांची घनता बघतील. एवढं सगळं त्या गाठीमुळे होतंय असं वाटलं तर ती दुर्बिणीने काढायचा पर्यायही ठेवतील. घाई काहीच नाही. आणि पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी भूल देणाऱ्याला ही फाइल नक्की दाखवा, आम्हाला शेवटच्या मिनिटाला सांगतात सगळे.

हुरडा_पार्टी
खडे! ते राहिलेच. सोमवारी दोन्ही फायली घेऊन जाते.

होटगीकर
नवीन सभासद आहे. काकांचा साधा सीटी झालाय, ५.२ सेंमी, ३४ एचयू, आत डाग आहेत असं लिहिलंय. मेटानेफ्रिन अजून केलेलं नाही आणि एकांनी उद्याच सुईची तारीख दिलीय. वेगळा धागा काढू का?

भूलथाप
इथेच लिहा. आणि उद्याची तारीख आत्ताच फोन करून थांबवा, मेटानेफ्रिन आल्याशिवाय सुई नको. वय, बीपी आणि चालू गोळ्या सांगा.